धोंड्याचा जावई आणि कडब्याची मशीन

जावयानं रुसावं, त्याला कुणाची ना नाही. रुसण्यासाठीच तर देवानं जावई घडवला. पण रुसायलाही काही ताळतंत्र असतं की नाही? गोजरबाईचा जावई विजयकुमार दिवाळीत रुसला तो धोंड्याचा महिना लागला तरी रुसलेलाच. भाऊबीजेच्या ताटावरून अनारसं अर्धं टाकून उठला, मोटारसायकलला किक मारली आणि कळमनुरीला निघून गेला. अर्धं अनारसं ताटात राहिलं आणि बायको उंबऱ्यात.

कारण काय, तर गोजरबाई एक वाक्य बोलली होती. विजयकुमारनं सासरच्या मिक्सरची 'सर्व्हिसिंग' केली, मिक्सरमधून धूर निघाला, आणि गोजरबाई चाळीस माणसांच्या पंगतीत म्हणाली, "आमच्या पाव्हण्यानं यंत्राला हात लावला की त्याच्या तेराव्याची पत्रावळ मांडून ठेवावी." पंगत हसली. जावई तेवढा हसला नाही.

गोजरबाईची जीभ म्हणजे साऱ्या पुसेगावच्या परिचयाची. शाळा दुसरीपर्यंत झालेली, पण तिच्या ओट्यासमोरून जाताना शिकलेसवरलेले लोक पायाखाली बघून चालत. आजवर त्या जिभेनं कुणाकुणाचं नुकसान केलं त्याचा हिशेब तिनं कधी ठेवला नव्हता. ह्या खेपेला मात्र नुकसान तिच्याच घरात येऊन बसलं. सपना सात महिने माहेरी. पाणी भरायला गेली की नळावरच्या बाया गोड आवाजात विचारायच्या, "सपना, अजून हायेस व्हय?" त्या 'अजून'नं पोरगी अर्धी झाली होती. घागर भरायच्या आधीच परत यायची.

आणि मग कळमनुरीहून निरोप आला. धोंडे जेवायला येतो. गुरुवारी येतो, रविवारपर्यंत राहतो. मामीच्या तोंडातून एक वाकडा शब्द निघाला नाही तर रविवारी सपनाला मागं बसवून घेऊन जातो. निघाला तर... 'तर'च्या पुढं निरोपात काही नव्हतं. ते नसलेलंच गोजरबाईला रात्रभर ऐकू येत राहिलं.

सकाळी ओट्यावर बसून तिनं चार बायांच्या देखत सांगून टाकलं. "चार दिवस तर चार दिवस. जिभेला कुलूप घालते आन् किल्ली हिरीत टाकते. गोजरबाई बोलायला जाणती, तशी गप बसायला बी जाणती."

घरातही फर्मान निघालं. मुलगा संतराम टेम्पो घेऊन नांदेडकडं गेलेला, त्यामुळं ऐकायला सून सरिता एकटीच होती.

"पाव्हण्याला कुणी न्हाई म्हणायचं न्हाई. त्यानं दुपारला रात म्हणलं तर कंदील लावायचा. आन् सरिते, तू तर तोंडच उघडू नको. उघडशील तर माहेरी पाठवीन."

"व्हय आत्याबाई," सरिता म्हणाली. ती अशीही कमी बोलायची. तिचं बोलणं सगळं कडबा कापायच्या मशीनशी.

ती मशीन मळ्यातल्या आखाड्यात, गुरांच्या छपराखाली होती. गावातला मोटर बांधणारा मिस्त्री चाँद पाशा, त्यानं ती बसवून दिली आणि सरिताला शिकवली. आठवड्याला तेल, महिन्याला पात्याला धार, पट्टा ढिला झाला की ताणायचा. आणि हात आत घालायच्या आधी मशीनशेजारचा खटका खाली. लाईट असो, नसो, खटका खाली. लाईट गेलेली असतानाही सरिता उठून खटका पाडायची ते बघून गोजरबाई म्हणायची, "ही मेलेल्या सापाला परत काठी मारती."

गुरुवारी विजयकुमार आला तो एकटा आला नाही. खांद्याला काळी बॅग, बॅगेत ड्रिल मशीन आणि ग्राइंडर. कळमनुरीत एका मशिनरीच्या दुकानात तो काउंटरवर बसायचा. दिवसभर लोकांना यंत्रं विकून विकून आपल्याला ती चालवता येतात असं त्याला वाटू लागलं होतं.

चहा घेतला आणि म्हणाला, "मामी, घरात काय बिघडलेलं असंल ते काढा. जायच्या आधी सगळं नवं करून देतो."

"काही बिघडलेलं न्हाई ओ पाव्हणे."

"असं कसं? मी बघतो."

आणि त्यानं बघितलं. दिवेलागणीपर्यंत घरात बिघडलेलं निघालं.

भिंतीला फळी मारून देतो म्हणाला. हातपाय धुऊन तसाच ओल्या पायांनी उपड्या बादलीवर चढला. ड्रिलची वायर लग्नातल्या हारासारखी गळ्यात सोडली, आणि भोक पाडायला जागा निवडली ती बराबर बटणाच्या बोर्डाच्या वर. बोर्डापासून वायर भिंतीतून सरळ वर जाते हे सरिताला ठाऊक होतं. तिनं नुसता श्वास आत घेतला, तर गोजरबाई खाकरली. सरितानं श्वास तसाच ठेवला.

फट् झालं. निळा जाळ भिंतीतून डोकावून गेला, घर अंधारलं आणि जावई बादलीवरून गव्हाच्या पोत्यावर जाऊन बसला.

थोड्या वेळानं अंधारातून त्याचा आवाज आला. "लाईट गेली वाटतं."

समोरच्या घरात टीव्हीवर सासू-सुनेचं भांडण अगदी स्पष्ट ऐकू येत होतं.

"व्हय," गोजरबाई म्हणाली. "आमच्याकडं अशीच जाती."

चाँद पाशाला बोलावलं. त्यानं बॅटरीच्या उजेडात भोक बघितलं, जळकी वायर ओढून बाहेर काढली आणि पोत्यावर बसलेल्या पाहुण्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"मावशी, केसभर इकडं तिकडं झालं असतं तर पाव्हण्यांना भिंतीवरून खरवडून काढावं लागलं असतं."

"हळू बोला चाँदभाई."

"हळू बोलल्यानं करंट कमी होतो व्हय?"

गोजरबाईनं त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. त्या रात्री तिच्या जिभेच्या टोकावर एकाहून एक सरस वाक्यं आली. तिनं ती एकेक करून गिळली. पोटात दुखलं तिच्या.

शुक्रवारी ग्राइंडर निघाला. अंगणातलं फाटक खाली घासतं, त्याची पट्टी कापून देतो म्हणाला. ग्राइंडरच्या चकतीवर लोखंडी टोपण असतं, चकती फुटलीच तर तुकडे माणसाच्या अंगावर येऊ नयेत म्हणून. विजयकुमारनं पहिल्यांदा ते टोपणच काढून ठेवलं.

"हे आडवं येतं. दुकानात सगळे काढूनच वापरतात."

पायात स्लीपर, खांद्यावर टॉवेल, डोळ्यांवर काही नाही. ठिणग्या उडाल्या तशा त्यानं डोळे मिटून घेतले आणि मिटल्या डोळ्यांनीच कापत राहिला. सपना तिकडं हौदाशी कपडे पिळत होती, नवऱ्याकडं बघून हसत. सात महिन्यांनी पोरगी हसत होती. ते हसू बघून गोजरबाईनं तोंडात पदर कोंबला.

चकती पट्टीत अडकली आणि फुटली. एक तुकडा सूं करत सपनाच्या कानाजवळून गेला आणि मागच्या प्लास्टिकच्या पिंपात घुसला. पिंपाला भोक पडलं आणि पाण्याची धार सपनाच्या पायावर पडू लागली. ती हसायची थांबली. हात कानाशी नेला, कान जागेवर होता, तरी हात तिथंच ठेवून उभी राहिली.

"चकती लोकल होती," विजयकुमार म्हणाला.

"माल लई हलका येऊन राहिला आजकाल," गोजरबाई म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

सरितानं जमिनीवर पडलेलं टोपण उचललं, पदरानं पुसलं आणि जावयाच्या बॅगेवर ठेवलं. बोलली काही नाही. गोजरबाईनं तिच्याकडं असं बघितलं, जणू टोपण उचलणं हेही बोलण्यातच जमा आहे.

चाँद पाशा भिंतीची वायर पुरी करायला आलेलाच होता. गोजरबाई त्याला हाताला धरून फाटकाबाहेर घेऊन गेली.

"चाँदभाई, तुमाला काय बोलायचं ते मला ठाऊक हाय. रविवारपर्यंत दम धरा. पोरगी नांदायला जाऊ द्या."

"मावशी, मशिनीला पाव्हणा-रावळा कळत न्हाई."

"मला कळतं. मला पोरीला नळावर पाठवायचं असतं रोज."

चाँद पाशानं मान हलवली. "तुमाला आजवर कुणाची भीती वाटलेली म्या बघितली न्हाई. आता वाटून राहिली, तर ती पाव्हण्याची वाटून राहिली. मशिनीची वाटायला पाह्यजे होती."

शनिवारी धोंडे. घरात पहाटेपासून पुरणाचा वास. जावयाला वाण द्यायचे तेहतीस अनारसे गोजरबाईनं स्वतः तळले, स्टीलच्या डब्यात भरले, वर तांब्याचा दिवा ठेवला. जेवण दुपारी एकला. तोवर पाहुणा घरात बसला तर घर राहणार नाही, म्हणून तिनंच त्याला मळ्यात नेलं. मोकळं रान, तिथं काय मोडेल? ही तिची अक्कल.

आखाड्यात पाय ठेवला आणि त्याला कडब्याची कुट्टी करायची मशीन दिसली. सरिता म्हशीसाठी कुट्टी करायला आधीच तिथं आलेली.

विहिरीवरच्या मोटरीला 'ऑटो' नावाची एक डबी असते. लाईट कधीही येते, रात्री-अपरात्री कोण उठणार, म्हणून शेतकरी ती स्टार्टरला लावतात. लाईट आली की मोटर आपली आपण सुरू. विजयकुमारनं ती विहिरीवर बघितली, मग मशीन बघितली, मग दोन्हींच्या मधली वायर बघितली, आणि त्याच्या तोंडावर उजेड पडला.

"मामी, दोन ठिकाणी दोन बटणं कशाला? कुट्टी बी त्याच स्टार्टरवर घेतो. लाईट आली की तिकडं पाणी सुरू, इकडं कुट्टी सुरू. बटण दाबायला माणूसच लागायचा न्हाई."

सरिता गोजरबाईच्या कानाशी आली. "आत्याबाई, बंद करायला तर लागंल की."

गोजरबाईनं डोळे वटारले.

तासाभरात त्यानं मशीनशेजारचा खटका उपटून काढला, जुनाट पेटी म्हणून बांधावर फेकला, आणि वायर सरळ जोडून टाकली. विहिरीकडं जाऊन स्टार्टर दाबला. आणि काय सांगावं, दोन्ही सुरू झालं. पाणी पडलं, कुट्टी पडली. विजयकुमारनं आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी जोडलं आणि ते चाललं. तो लहान पोरासारखा हसला. चहा घेऊन आलेली सपनाही हसली. गोजरबाईनं मनातल्या मनात देवाला हात जोडले. आजचा दिवस निघाला, उद्या सकाळी पोरगी मोटारसायकलवर.

साडेअकराला रोजच्यासारखी लाईट गेली. मशीन घरघरत थांबली, तोंडात कडब्याची एक पेंढी अर्धी अडकून राहिली.

"आता साडेबाराशिवाय येत न्हाई," सावलीत चहा पिऊन बाराच्या सुमारास उठता उठता विजयकुमार म्हणाला. "तोवर अडकलेलं काढून घ्या, वहिनी."

सरिता जागची हलली नाही. तिनं मशीनकडं बघितलं, भिंतीवर खटक्याच्या जागी राहिलेल्या चार भोकांकडं बघितलं. मग पाहुण्याकडं न बघता सासूला म्हणाली, "आत्याबाई, आधी हिरीवर जाऊन स्टार्टर पाडून येते."

विहीर शंभर पावलांवर. जाऊन यायला किती लागतं? पण विजयकुमारचं हसू उतरलं.

"काहून? माझ्या कामावर भरवसा न्हाई व्हय?"

एक टिटवी तेवढी ओरडत गेली. विजयकुमारनं सपनाकडं बघितलं, मग बांधाशी लावलेल्या मोटारसायकलकडं बघितलं. फक्त बघितलं, पण गोजरबाईला त्या बघण्यात नळ दिसला, घागर दिसली, 'अजून हायेस व्हय' ऐकू आलं. भाऊबीजेचं अर्धं अनारसं दिसलं.

"भरवसा काहून न्हाई?" ती म्हणाली. "पोरगी दिली तुमाला, मग मशिनीचं काय घेऊन बसलात. सर ग सरिते."

जावयाचा मान राखायला कुणी पाय धुतं, कुणी अंगठी घालतं. गोजरबाईनं मशीनच्या तोंडात उजवा हात घातला.

पेंढी गच्च बसली होती. कडब्याची ताटं तिच्या बांगड्यांत अडकली. ती ओढत होती तेवढ्यात छपरातला बल्ब लागला.

"आली लाईट," विजयकुमार तोंडभर हसून म्हणाला. "आज अर्धा तास आधीच आली."

ऑटो लगेच मोटर उचलत नाही. दहा मोजेपर्यंत थांबतो. हे गोजरबाईला माहीत नव्हतं, विजयकुमारला दुकानात शिकवलं होतं पण आठवलं नाही, सरिताला माहीत होतं. दहातले तीन-चार आकडे गोजरबाईनं बल्बाकडं बघण्यात घालवले, दोन-तीन बांगड्या सोडवण्यात. सरिता ओरडली नाही. ओरडायची तिला मनाई होती. तिनं सासूचा कोपर दोन्ही हातांनी धरला, मशीनच्या पायाला पाय लावला आणि विहिरीतून बादली ओढावी तसं सासूला ओढलं.

मनगट बाहेर आलं. तळहात आला. करंगळी आली नाही, आणि तिच्या शेजारच्या बोटाचं एक पेर आलं नाही.

आवाज काही वेगळा झाला नाही. कडबा कापताना यायचा तसाच झाला. हेच गोजरबाईला पुढं कित्येक दिवस झोपू देणार नव्हतं.

मशीन चालूच. विजयकुमार धावला तो भिंतीकडं, खटका होता त्या जागी हात मारला, आणि चार भोकांवर हात ठेवून तिथंच उभा राहिला. सपना विहिरीकडं पळाली. शंभर पावलं. तोवर मशीननं ती पेंढी पूर्ण कापली आणि मग रिकामी फिरत राहिली.

गोजरबाई खाली बसली होती. हाताला सरिताचा पदर गुंडाळलेला, पदर लाल होत चाललेला. तिला वाटत होतं आता दुखेल, आता दुखेल. ते यायला वेळ लागला. तोवर ती म्हणाली, "पाव्हण्याचं जेवण राहिलं."

फोन केल्यावर चाँद पाशा गाडी घेऊन आला. येताच म्हणाला, "बोट शोधा. पिशवीत घाला, पिशवी बर्फात ठेवा. दवाखान्यात कधी कधी जोडतात."

मग सरिता, सपना आणि जावई, तिघं कुट्टीच्या ढिगापुढं बसले. सरितानं सूप घेतलं आणि ज्वारी पाखडावी तशी कुट्टी पाखडायला लागली. म्हशीला वाटलं आपल्यासाठीच चाललं आहे. ती दाव्याला ताण देऊन मान ढिगाकडं लांबवत होती आणि सपना रडत रडत तिच्या तोंडावर चापटी मारत होती. तीन तुकडे सापडले. चौथा सापडला नाही. म्हशीकडं सगळ्यांनी बघितलं.

ठेवायला झाकणाचं भांडं हवं होतं. विजयकुमार मोटारसायकलवर घरी गेला आणि हाताला लागला तो डबा उचलून आणला. वाटेत रसवंतीवर थांबून त्यातच बर्फ भरून घेतला.

हिंगोलीच्या दवाखान्यात डॉक्टरनं डबा उघडला आणि बराच वेळ आत बघत राहिला.

"हे काय आहे?"

"अनारसे हायेत," सरिता म्हणाली. "बोट खाली हाय. पिशवीत."

डॉक्टरनं विरघळत्या बर्फातले अनारसे एकेक करून बाजूला काढले. तेहतीस होते. मग पिशवी उजेडाकडं धरली आणि परत ठेवली.

"जोडता येणार नाही. पण जखम स्वच्छ आहे, चेंदामेंदा नाही. पात्याला धार कुणी लावली होती?"

"म्या," सरिता म्हणाली.

"चांगली लावलीत. नाहीतर अख्खा पंजा गेला असता."

सरितानं मान खाली घातली. शाबासकी तिला ह्या घरात आल्यापासून पहिल्यांदा मिळत होती, आणि ती अशी.

रविवारी सकाळी गोजरबाई दवाखान्याच्या खाटेवर टेकून बसली. उजवा हात पांढऱ्या गाठोड्यासारखा उशीवर. सरिता तिला चमच्यानं पेज भरवत होती. जन्मात कुणाच्या हातचं न खाल्लेली बाई लेकरासारखं तोंड उघडत होती.

"सरिते."

"काय आत्याबाई?"

"तुला सगळं कळत होतं. मग काहून ओरडली न्हाईस?"

सरितानं चमचा वाटीच्या काठाला पुसला. "तुमी म्हणला होता, तोंड उघडशील तर माहेरी पाठवीन."

गोजरबाईनं पुढचा घास घेतला.

विजयकुमार दारात आला. रात्रभर बाकड्यावर बसून त्याचे डोळे सुजले होते. म्हणाला, "मामी, म्या वायरमनला फोन लावला होता. लाईनचं काम लवकर उरकलं म्हणून त्यानं लाईट आधी सोडली. साडेबाराची लाईट बाराला सोडायची म्हंजी काय? चूक त्याची हाय." मग म्हणाला, "तुमी बऱ्या व्हा. सपनाला मी आजच नेतो. तुमी एक शब्द वाकडा बोलला न्हाईत, मी बी शब्दाला पक्का हाय."

आणि पाणी आणायला गेला.

म्हणजे जमलं होतं. चार दिवस, दीड बोट, आणि पोरगी नांदायला निघाली होती. गोजरबाईनं सपनाकडं बघितलं. सपनाच्या हातात कपड्यांची पिशवी होती, पण ती उचलून उभी नव्हती, मांडीवर घेऊन बसली होती.

"आई, मला जायचं हाय," ती हळू म्हणाली. "मला तो आवडतो. पन मला असं न्हाई जायचं."

"आता आनिक काय?"

"तिथं त्याच्या घरी त्याला कुणी न्हाई म्हणत न्हाई. त्याची आई बी न्हाई. इथं तू व्हतीस म्हणणारी, तू बी गप बसलीस. तू बोल त्याला. तो रुसू दे, मी राहीन आनिक सात म्हैने, नळावर जाईन. पन तू न्हाई बोललीस तर उद्या तिथं मला हात घालावा लागंल. आन् तिथं मला ओढून काढायला वहिनी न्हाई."

खाटेच्या वर छताचा पंखा कुईकुई करत फिरत होता. पलीकडच्या खाटेवरची म्हातारी तोंडावर पदर घेऊन पडली होती, पण कान इकडंच होते.

विजयकुमार पाण्याची बाटली घेऊन परत आला. बाटली ठेवली. वर बघितलं. कान दिला.

"मामी, ह्या आवाजानं तुमाला झोप लागायची न्हाई. दोन मिनटांचं काम हाय."

आणि त्यानं खिशातून टेस्टर काढला, कोपऱ्यातला स्टूल पंख्याखाली ओढला आणि वर चढला. पंखा चालूच होता. स्टुलाचा एक पाय आखूड होता. सरितानं पेजेची वाटी खाली ठेवली. सपनानं आईकडं बघितलं. खोलीतलं सारं माणूस गोजरबाईकडं बघत होतं, आणि गोजरबाई पहिल्यांदाच दुसऱ्या कुणाकडं न बघता सरळ जावयाकडं बघत होती.

"पाव्हणे," ती म्हणाली, "चार दिवस म्या गप व्हते, आता बोलून राहिले, तवा नीट ऐका. तुमी माणूस वाईट न्हाईत. नवरा म्हणून माझ्या पोरीला आवडतात, तिची ती जाणे. पन यंत्राच्या कामात तुमी ठार अडाणी हायेत. वायरमनची चूक न्हाई, चकतीची न्हाई, तुमची हाय. आन् अडाण्याला तोंडावर अडाणी न म्हणता, त्याच्या मानापायी मशिनीत हात घालणारी मी, मी तुमच्याहून बी अडाणी. आता रुसायचं असंल तर खुशाल रुसा. पन आधी खाली उतरा, आन् खाली उतरून रुसा."